डेझर्ट रोडचं प्रस्थान

आइस्क्रीमचा दोन लिटरचा डबा या देशात कधी वाया जात नाही. कुणाकडे त्यात खिळे असतात, कुणाकडे बटणं, माझ्याकडे गोडा मसाला. म्हणून गेल्या महिन्यात शेजारची मार्गारेट तसला डबा छातीशी धरून दारात उभी राहिली, तेव्हा मला वाटलं लिंबं आणली असतील. तिच्या झाडाला थंडीत हीऽ लिंबं लागतात. ऐंशीच्या घरातली एकटी बाई, पण चार घरी लिंबं वाटल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

"किया ओरा, लव्ह," इथला माओरी नमस्कार घालत ती म्हणाली. ती आता मुलाकडे टाउरंगाला राहायला चालली होती आणि कपाटं उपसत होती. डबा माझ्या हातात देत म्हणाली, "यू टू नेव्हर केम बॅक फॉर धिस."

आत निळ्या चौकटींच्या रुमालाची पुरचुंडी. मी तिची गाठ बघितली आणि तिथेच पायरीवर बसले. गाठीवर गाठ मारलेली होती. अशी दुहेरी गाठ आमच्याकडे एकच माणूस मारायचा. मिलिंद, माझा नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली.

मार्गारेटही शेजारी बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी बसली. फेकून का नाही दिलंस, असं मी तिला विचारलं. तर म्हणाली, कसं फेकणार? तुम्ही दोघं निम्मे निघालेले होतात ना त्यात.

बघा. पुण्याच्या माझ्या आतेबहिणीला जे दोनदा समजावून कळलं नाही, ते या बाईला बरोबर कळलेलं होतं.

प्रस्थान ठेवणं ही माझ्या सासूबाईंची देणगी. लांबच्या वाटेला जायचं आणि चांगल्या वेळेवर निघणं जमत नसेल, तर तांदूळ, सुपारी नि हळकुंड फडक्यात बांधून त्या वेळेला शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. तेवढ्याने तुम्ही निघालात असं धरतात. मग तीन दिवसांच्या आत खरोखर निघायचं आणि जाताना पुरचुंडी उचलून बरोबर घ्यायची. तीन दिवस उलटले तर ते प्रस्थान फुकट. सासूबाई दर जूनमध्ये फोनवर बजावायच्या, "बर्फातून जाताय, प्रस्थान ठेवा रे बाबांनो." ऑकलंडच्या आमच्या बॉटनी डाउन्समध्ये शेजार म्हणजे मार्गारेट. पहिल्या वर्षी मिलिंद तिच्याकडे पुरचुंडी घेऊन गेला तो पाऊण तास समजावून सांगून, कानाच्या पाळ्या लाल करून परत आला. पण तिने ती ठेवून घेतली. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या घडीवर. घरातली सगळ्यांत कोरडी जागा ती, तांदळाला किडे होणार नाहीत म्हणाली.

मी पायरीवर बसून त्या रुमालाचा वास घेतला. लव्हेंडर होतं, धुतलेल्या टॉवेलांचा ऊबदार वास होता, खोल कुठेतरी हळद होती. त्याचा वास नव्हता. चार वर्षांत एवढं होणारच, मला कळत नाही का? तरी मी शोधला.

आमच्या हिवाळ्याच्या सहली म्हणजे डेझर्ट रोड. ऑकलंडहून खाली वेलिंग्टनकडे जाताना बेटाच्या मधोमध तीन ज्वालामुखी लागतात, त्यांच्या पायथ्याशी उंचावरून जाणारा ओसाड रस्ता. नाव वाळवंट आणि पाऊस मात्र बदाबदा. राखेची माती आणि वेडा वारा, त्यामुळे टसॉकच्या पिंगट गवताशिवाय फारसं काही उगवत नाही. दोन्ही बाजूंना लष्कराची जमीन, रस्ता सोडू नका म्हणून पाट्या. बर्फ पडलं की रस्ता सरळ बंद करून टाकतात. दर जुलैच्या सुट्टीत मिलिंदला तिकडूनच जायचं असायचं. पेनरोजच्या कारखान्यात वर्षभर पत्र्याच्या छपराखाली काढणाऱ्या माणसाला काहीतरी मोकळं लागत असेल. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विचारायला आयुष्य पडलंय.

आणि त्याची ती तयारी! ऑकलंडमध्ये जन्मात बर्फ पडत नाही. पण जूनच्या एका शनिवारी हा पठ्ठ्या ड्राइव्हवेवर गाडीच्या चाकांना साखळ्या चढवायची तालीम करायचा. हातमोजे घालून, कारण तिथे बोटं गारठलेली असणार. मी मोबाइलवर वेळ लावून उभी, आमची सई कपाळावर टोपी ओढून 'बर्फ' म्हणून त्याच्यावर कापूस टाकायची. येणारे-जाणारे थांबायचे. एक जण म्हणाला होता, हिमवादळ येतंय वाटतं, मेट? मिलिंदने मान वर न करता सांगितलं, आलं तर मी तयार आहे. मी हसून हसून बेजार व्हायचे. वेड लागलंय तुला, असं दर वर्षी म्हणायचे, आणि दर वर्षी पुढच्या शनिवारची वाट बघायचे.

त्या सहलींचा वास मला अजून येतो. दशम्यांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा, हीटरवर तापलेल्या ओल्या लोकरीचा, थर्मासचं झाकण उघडलं की आल्याचा. टाउपोच्या अलीकडे जमिनीतून वाफा निघतात, तिथे काच जराशी खाली करायची आणि त्या गंधकाच्या वासावर सईने नाक दाबून किंचाळायचं, हा रिवाज. टुरांगीला पोचलं की थांबून पेट्रोल, मगच पुढे. टाकी निम्म्याखाली आली की मिलिंदचा चेहरा उतरायचा. सईच्या पायात लोकरी मोजे आणि त्यावर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगठ्यापाशी मोजा खोचून बसवलेला. सहा वर्षांची असताना पहिल्यांदा तो रस्ता बघितला तेव्हा मागच्या सीटवरून रडवेल्या आवाजात म्हणाली होती, "बट बाबा, व्हेअर आर द कॅमल्स?" मिलिंदने गंभीरपणे सांगितलं, थंडी आहे ना, घरात बसलेत. पुढे कितीतरी वर्षं ती त्या रस्त्यावर काचेला नाक लावून घरं शोधायची.

मग बर्फाने भरलेला डोंगर अचानक उजव्या खिडकीत यायचा. विजेच्या तारांचे मनोरे एकामागून एक मागे जायचे आणि मिलिंद फक्त एवढंच म्हणायचा, "आलो बरं का."

कामं वाटलेली होती. गाडी त्याची, रस्ता माझा. म्हणजे तेल, पाणी, साखळ्या, फावडं, घोंगड्या हे तो बघणार. रस्ता उघडा आहे की बंद, हे सकाळी वेबसाइटवर मी बघणार. मी सॉफ्टवेअर तपासणारी बाई, दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे माझं बघून झालं की तो पुन्हा बघत नसे. प्रत्येक नट दोनदा आवळणारा माणूस, पण माझा शब्द एकदाच घ्यायचा. हे लिहिताना हात थांबतोय. पण आता लिहायला घेतलंय तर लिहिते.

सई मोठी झाली. माझं आणि तिचं बिनसलं. का, ते आता सांगत नाही. कारण इतकं लहान होतं की सांगायची लाज वाटते. ती शिक्षण अर्धवट सोडून वेलिंग्टनला एका बेकरीत कामाला गेली, मी उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आठ महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मिलिंद रोज तिच्याशी बोलायचा, गॅरेजमध्ये जाऊन. तिथे तो तिच्या नव्या खोलीसाठी पुस्तकांचं कपाट बनवत होता, पाइनच्या फळ्यांचं. चहा घेऊन गेलं की लाकडाचा भुसा त्याच्या भुवयांवर बसलेला दिसायचा. कपाट झालं तेव्हा म्हणाला, "हे काही विमानाने जायचं नाही. आपण घेऊन जाऊ, डेझर्ट रोडने. दोघं जाऊ. तू नुसती चल, बोलू नकोस हवं तर."

मी म्हटलं, बघू.

गुरुवारी त्याने मार्गारेटकडे प्रस्थान ठेवलं. त्याच संध्याकाळी बर्फ पडलं आणि रस्ता बंद झाला. शुक्रवारी बंद. वळसा घालून जाणाऱ्या वाटाही धड नव्हत्या, आणि बर्फात वळसा नाही, थांबायचं, हा त्याचाच नियम. शनिवारी सकाळी उजाडलं तेव्हा तो ड्राइव्हवेवर होता. कपाट घोंगडीत गुंडाळून गाडीत चढवलेलं, दोऱ्या दोनदा आवळलेल्या. मी स्वयंपाकघरात चहाला आधण ठेवून मोबाइल उघडला.

रस्ता उघडा होता.

मी त्या शब्दाकडे बघत उभी राहिले. डोळ्यांसमोर सईचं दार आलं. ती दार उघडणार, मी काय म्हणणार? मी आई ना, मी का आधी जायचं? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ माझा.

बाहेरून त्याने दर वर्षीची हाक दिली, "अगं, उघडला का?"

"नाही. अजून बंदच आहे."

"बरं," तो म्हणाला. एवढंच. थोड्या वेळाने दोऱ्या सोडल्याचा आवाज आला. कपाट पुन्हा गॅरेजमध्ये गेलं, तो आत आला, हात धुतले आणि म्हणाला, "सईला फोन करून सांगितलं, रस्ता बंद आहे. पुढच्या महिन्यात जाऊ. चहा दे." मी दिला. आल्याचा, चांगला उकळलेला. त्यातला अर्धा त्याने माझ्या कपात ओतला.

पुढचा महिना त्याला मिळाला नाही. दहा-बारा दिवसांनी पेनरोजच्या कारखान्यातून फोन आला, आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

सई विमानाने आली. माझ्या गळ्यात पडून रडली, आठ महिन्यांचा अबोला असा क्षणात संपला. मला तर तेही सहन होईना. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, बाबा येणारच होते, गाडी भरलेली होती, ओन्ली द स्नो. लोक हळहळायचे. बर्फ आडवं आलं हो, म्हणायचे. मी मान हलवायचे. त्या बर्फावर ती चार वर्षं टेकून उभी होती, आणि ते बर्फ त्या सकाळी नव्हतंच. हे मी कुणाला बोलले नाही. भाजी चिरताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, बॉटनीच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर मला ती हाक ऐकू यायची. अगं, उघडला का?

मार्गारेट तिच्या घरी परतल्यावर मी सईला फोन केला, पुरचुंडीचं सांगितलं. मग म्हणाली, ती विमानाने वर येईल, आपण दोघी कपाट घेऊन गाडीने खाली जाऊ. डेझर्ट रोडने, बाबांसारखं सगळं करून. "बाबांची लिस्ट आहे ना? रीड इट टू मी."

यादी होती. गाडीच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, त्याच्या तिरप्या अक्षरात. सईला मराठी समजतं पण वाचता येत नाही. मी वाचायचे, ती तिकडे टाइप करायची.

"काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतू नये, काच तडकते."

"येप."

"सावलीतल्या वळणावर ब्रेक मारू नये. काळा बर्फ दिसत नाही."

"ओके."

"वाळवंट अकरा ते तीनमध्ये पार करावे. पोचण्याची वेळ मार्गारेटला सांगून निघावे. दशम्या दोन वेळच्या जास्त. सईचे मोजे तीन जोड."

तिकडे टाइप करायचा आवाज थांबला. "तीन?" तिने मराठीत विचारलं.

"एक ओला होणार, एक हरवणार, म्हणून तीन," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो आणि दोघी रडलो.

"दॅट्स इट?" तिने विचारलं.

खाली अजून एक ओळ होती. मी ती वाचली नाही. तो दर वर्षी यादीवर खुणा करायचा, प्रत्येक ओळीपुढे शिसपेनच्या बरोबरच्या बारीक खुणा. या शेवटच्या ओळीपुढे एकही खूण नव्हती, तपासायची गरजच नव्हती ना. 'रस्ता – ती बघेल.'

"हो, एवढंच," मी म्हटलं. पुन्हा खोटं.

सई आली. ड्राइव्हवेवर तिने साखळ्या चढवून बघितल्या, मी वेळ लावला. बापापेक्षा दुप्पट लागला. मी आदल्या दिवशी दशम्या केल्या. पुरचुंडी पुन्हा मार्गारेटकडे नेऊन ठेवली, नवी बांधली नाही, तीच. निघताना मार्गारेट ड्रेसिंग गाउनवर कोट चढवून फाटकात आली आणि तिने ती दोन्ही हातांनी सईच्या ओंजळीत दिली. शिंक्यातलं लोणी द्यावं तशी, जपून. तिच्याही घरासमोर सामानाच्या खोक्यांची रांग लागली होती. परत येऊ तेव्हा ती इथे नसणार. मी तिला मिठी मारली, पोचायची वेळ सांगितली.

सई गाडी चालवत होती. मागे कपाट, घोंगडीत गुंडाळलेलं. टाउपोच्या अलीकडे तिने न बोलता काच खाली केली आणि न बोलता वर केली. नाक दाबलं नाही.

टुरांगीला पेट्रोल भरलं. साडेदहा वाजले होते, ऊन पांढरं होतं, हवेत सरपणाचा धूर. बर्फ दोन दिवसांपूर्वी पडून गेलेलं. मी थर्मासमधून चहा ओतला. सई स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "ओके. रोड कोण बघतं?"

तिने सहज विचारलं होतं. मी मोबाइल काढला, उघडला, आणि न बघताच मांडीवर ठेवला. यादी काढून मी ती शेवटची ओळ तिला वाचून दाखवली. मग सांगितलं. त्या सकाळी रस्ता उघडा होता सई. मी बघितलं होतं. मी त्याला बंद म्हणून सांगितलं. तुझ्या दारात यायला नको म्हणून. बर्फ नव्हतं, मी होते.

चहावर साय धरेपर्यंत ती समोर बघत राहिली. मला वाटलं आता ही उतरेल आणि बस पकडून जाईल. जायलाच हवं होतं तिने. मी दाराचं लॉक उघडल्याच्या आवाजाची वाट बघत बसले.

"मी पण बघितलं होतं," ती म्हणाली.

मराठीत म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं.

"बाबांचा फोन आला ना, रस्ता बंद आहे म्हणून. मी रोज बघायचे. माझ्या लॅपटॉपवर पेज समोरच होतं. ओपन लिहिलेलं." तिची बोटं स्टिअरिंगवर पांढरी झाली होती. "मला वाटलं, बरं झालं. आय वॉज सो स्केअर्ड ऑफ यू, आई. मला तू यायला नको होतीस. मी म्हटलं, ओके बाबा, स्टे सेफ."

दोघींना माहीत होतं, आणि मधे एक माणूस हातमोजे घालून दोऱ्या सोडत होता. बिचाऱ्याने दोघींवरही विश्वास ठेवला. त्या पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात आम्ही मोठमोठ्याने रडलो, कुणी बघतंय याची पर्वा न करता. शेजारच्या गाडीतल्या बाईने काचेवर टकटक करून विचारलं, यू ऑल राइट, गर्ल्स? आम्ही दोघींनी एकदम मान हलवली, आणि ती काही क्षण थांबून निघून गेली.

मी तिला माफ केलं का, तिने मला केलं का, कोण जाणे. त्याबद्दल आम्ही बोललो नाही. माफ करायला जो हवा होता तोच नाही. मी मागे हात घालून पिशवीतून तिचे मोजे काढले, तीन जोडांतला एक जोड तिला दिला. तिने बूट काढून घातला. गार झालेला चहा अर्धा मी प्यायले, अर्धा तिने. पुरचुंडी तिने गाडीच्या कप्प्यात, यादीच्या वर ठेवली, तो ठेवायचा तिथेच.

पावणेअकरा झाले होते. समोर डोंगराचा पांढरा खांदा दिसत होता. तिने गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही. नाक पुसलं, माझ्याकडे वळली आणि बापाच्याच शब्दांत विचारलं.

"अगं, उघडला का?"

मी मोबाइलवर पुन्हा एकदा बघितलं. नीट, दोनदा.

"हो, उघडा आहे," मी म्हटलं. ड्राइव्हवेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.